पहिली-दुसरीच्या वर्गासाठी नवा शिक्षक तयार करताना

जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवकाला पहिली-दुसरीच्या वर्गासाठी तयार करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर प्रथमच येऊन पडली आहे, अशा मुख्याध्यापकांसाठी, ज्येष्ठ सहकाऱ्यांसाठी, केंद्रप्रमुखांसाठी आणि अध्यापक विद्यालयांत नव्याने शिकवू लागलेल्यांसाठी हे लेखन आहे. लहान वर्गाला शिकवणे सोपे असते, त्याला फार विषयज्ञान लागत नाही, थोडी माया आणि थोडी गाणी पुरतात, हा समज समाजात आहे तसाच शिक्षकांतही आहे. माझ्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्याला वीस वर्षे सराईतपणे वाचता येते त्याला वाचनातले अवघडपण दिसेनासे होते, आणि ज्याला ते दिसत नाही तो सहा वर्षांच्या मुलाला 'अरे, सोपं तर आहे' यापलीकडे काही सांगू शकत नाही. नव्या शिक्षकाची तयारी करून घेणे म्हणजे प्रामुख्याने हे लपलेले अवघडपण त्याला पुन्हा दिसू लागेल अशी व्यवस्था करणे. पुढील पायऱ्या त्या बेताने लावल्या आहेत.

नवा शिक्षक काय घेऊन येतो, ते आधी पाहावे

पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, म्हणजे पूर्वीचे डी.एड. आणि आताचे डी.एल.एड., आणि शिक्षक पात्रता परीक्षा या अटी आहेत. बी.एड. झालेल्यांना प्राथमिक वर्गांसाठी पात्र धरण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बंद झाली. पात्रता परीक्षेचा पहिला पेपर १५० गुणांचा असतो आणि बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीच्या 'पवित्र' पोर्टलवरची पसंती आणि अखेर तीन वर्षांची शिक्षणसेवकाची नेमणूक, अशी ही वाट आहे. इतकी गाळणी पार करून आलेला उमेदवार बहुतेक वेळा हुशार आणि कष्टाळू असतो. पियाजे आणि वायगॉट्स्की या बालविकासाच्या अभ्यासकांच्या विचारांतला फरक त्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. त्याला येत नसते ते एवढेच, की समोरचे मूल 'कमान' हा शब्द 'क, मा, न' असा तुटक म्हणून थांबले, तर पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करायचे. बहुपर्यायी परीक्षेतून ते कळण्याची सोय नाही, त्यामुळे हा दोष त्याच्या पदरात टाकू नये.

पहिल्याच भेटीत त्याच्या सराव पाठांविषयी मोकळेपणाने विचारावे. बहुतेकांनी ते चौथी-पाचवीच्या वर्गांवर, रंगीत तक्ते घेऊन, निरीक्षक मागे बसलेले असताना घेतलेले असतात. पहिलीच्या वर्गात पाऊण तासाचा असा पाठ टिकत नाही, हे त्याला पहिल्या दिवशीच कळणार असते. ते आपण आधी सांगितलेले बरे.

वर्ग कोणाला, हे आधी ठरवावे

अनेक शाळांत पाचवी किंवा सातवी अनुभवी शिक्षकाकडे जाते आणि पहिली ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याकडे, म्हणजे बहुधा नवख्याकडे. ही रीत मोडता आली तर मोडावी. शक्य असेल तेथे पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाला दुसरीचा वर्ग द्यावा आणि पहिलीच्या अनुभवी बाईंच्या वर्गात त्याने रोज एक तासिका बसावे. पुढच्या वर्षी त्याला पहिली देऊन त्याच मुलांबरोबर दुसरीपर्यंत जाऊ द्यावे. एकाच शिक्षकाने दोन वर्षे तीच मुले सांभाळली की आपण पहिलीत कच्चे ठेवलेले काम दुसरीत आपल्यालाच निस्तरावे लागते, आणि त्यातून जे शिक्षण होते ते कोणत्याही प्रशिक्षणात होत नाही.

वाडी-वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मात्र ही चैन नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात, आणि मग चार किंवा पाच इयत्ता दोघांत वाटून घ्याव्या लागतात. तेथे नवख्याकडे पहिली-दुसरी जाणारच असेल तर निदान पहिले सत्रभर दिवसातला पहिला तास दोघांनी त्या वर्गात मिळून घ्यावा आणि तेवढा वेळ मोठ्या मुलांना स्वयंअध्ययनाचे काम द्यावे.

शाळा उघडण्याआधीचे काम

शाळा जूनच्या मध्यास, विदर्भात जूनच्या शेवटच्या आठवड्यात, उघडतात. त्याआधीच्या दिवसांत नव्या शिक्षकाला घेऊन अंगणवाडीत जावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय एकच पायाभूत स्तर मानले आहे, पण प्रत्यक्षात अंगणवाडी एका खात्याची आणि शाळा दुसऱ्या, त्यामुळे एकाच आवारात भिंतीला भिंत लागून असूनही सेविकाताई आणि पहिलीचे शिक्षक यांची मुलांविषयी बैठक होतेच असे नाही. ही बैठक आपण घडवून आणावी. कोणते मूल बोलत नाही, कोणाला कमी ऐकू येत असावे अशी शंका आहे, कोणाचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कोणाला पेन्सिल धरता येते, ही माहिती सेविकेला तोंडपाठ असते आणि ती कोणत्याही प्रवेश अर्जात नसते.

या भेटीनंतर शिक्षकाने प्रत्येक मुलाचे घरात हाक मारायचे नाव आणि हजेरीपटावरचे नाव यांची जोड लिहून काढावी. पहिल्या आठवड्यात 'सोन्या' म्हटल्यावर वळून पाहणारे मूल हजेरीतल्या नावाला ओ देत नाही, आणि नवा शिक्षक त्याला गैरहजर लावून मोकळा होतो.

एक तास मोडीचा

ही पायरी गंमत वाटेल, पण मी ती सर्वांत महत्त्वाची मानतो. नव्या शिक्षकाला मोडी लिपीतील पाच अक्षरे आणि काना एवढेच द्यावे, ती फळ्यावर एकदा लिहून दाखवावीत, आणि दहा मिनिटांनी त्याच अक्षरांचे आठ-दहा साधे शब्द कागदावर देऊन मोठ्याने वाचायला सांगावे. मोडी येणारे कोणी जवळपास नसेल तर कन्नड किंवा गुजराती चालेल. अट इतकीच की लिपी अनोळखी हवी आणि शब्द मराठीच हवेत. मग जे घडते ते शांतपणे पाहावे. पदवीधर माणूस बोट ठेवून वाचू लागतो. तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर पहिले विसरतो. शब्दाचा अर्धा भाग ओळखला की उरलेला अंदाजाने ठोकून देतो, आणि 'वाचलेत त्याचा अर्थ काय' असे विचारल्यावर त्याला पुन्हा मागे जावे लागते, कारण सगळे लक्ष अक्षर ओळखण्यातच खर्च झालेले असते. कोणी शेजारून 'अहो, लवकर' म्हटले की जे येत होते तेही जाते.

यानंतर चर्चा करावी, पण प्रश्न आपण विचारावेत आणि उत्तरे त्याला शोधू द्यावीत. अंदाजाने का वाचलेत? बोट का ठेवलेत? दहा वेळा ते अक्षर लिहायला लावले असते तर मदत झाली असती का? कोणत्या क्षणी कागद बाजूला ठेवावासा वाटला? या उत्तरांतून पहिलीच्या वाचनाचे जवळजवळ सगळे अध्यापनशास्त्र निघते: अक्षरे थोडी हवीत, ती लगेच शब्दांत वापरायला मिळायला हवीत, शब्द ओळखीचे हवेत, चुकायला हरकत नसावी, आणि वेग सरावाने येऊ द्यावा.

अक्षरांचा क्रम आणि त्यातल्या खाचाखोचा

मुळाक्षरांचा तक्ता ही ध्वनींची अत्यंत शास्त्रशुद्ध मांडणी आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असा जिभेचा प्रवास त्यात आहे. परंतु ती वाचन शिकवण्याचा क्रम म्हणून रचलेली नाही. क, ख, ग, घ, ङ ही पाच अक्षरे शिकून मूल ओळखीचा एकही शब्द वाचू शकत नाही. पुढच्या ओळीपर्यंत पोचल्यावर कुठे 'जग' आणि 'गज' हाती लागतात. काना तर सगळी व्यंजने संपल्यावर, बाराखडीच्या वेळी येतो. म्हणजे मुलाने काही महिने अक्षरे गिरवायची आणि वाचनाचा आनंद त्याला नंतर कधीतरी मिळायचा.

त्याऐवजी नव्या शिक्षकाबरोबर बसून अक्षरांचे गट बनवावेत. हा गट त्यालाच बनवू द्यावा, तयार देऊ नये. म, क, न, ल ही चार अक्षरे आणि काना एवढ्यातून मामा, काका, नाना, कान, नाक, मान, मन, काम, मका, माल, लाल, नाला, काल, मला, कमान, कमाल इतके शब्द होतात, आणि 'नाना, मला मका' असे बोलण्यातले वाक्यही वाचता येते. दुसऱ्या गटात र, स, प, त आणि दीर्घ वेलांटी घेतली की साप, पान, ताप, रात, तारा, पाल, मासा, तीन, पीक येतात. शिक्षकाने कागदावर असे चार-पाच गट मांडून, प्रत्येकातून किती शब्द निघतात आणि त्यांतले किती आपल्या गावच्या मुलांच्या बोलण्यातले आहेत, हे तपासावे. हा गृहपाठ एका संध्याकाळचा आहे आणि त्यातून लिपीकडे पाहण्याची नजर कायमची बदलते. पाठ्यपुस्तकातल्या अक्षरगटांचा क्रम वेगळा असेल तर वर्गात पुस्तकाचाच क्रम ठेवावा. पण तो तसा का आहे हे आता शिक्षकाला कळलेले असते.

काही खाचाखोचा त्याला स्पष्टपणे दाखवाव्या लागतात, कारण त्या आपल्याला दिसतच नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चारात नंतर येते, म्हणून ती दीर्घ वेलांटीनंतर घ्यावी. शब्दाच्या शेवटी असलेल्या अक्षरातला 'अ' आपण उच्चारत नाही: 'कान' लिहिताना 'न' पूर्ण, बोलताना मात्र निम्मा. त्यामुळे मूल प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारत 'क, र, व, त' असे चार सुटे आवाज काढते आणि सुतारकाम करणाऱ्या बापाच्या हातात रोज पाहिलेली करवत त्याला त्यात सापडत नाही. अशा वेळी अक्षरे पुन्हा विचारू नयेत. तेच आवाज जवळ जवळ आणून, जरा घाईने म्हणून दाखवावेत, आणि 'असं काही ऐकलंयस का' असे विचारावे. 'चहा'मधला च आणि 'चाक'मधला च निराळे आहेत, जाणारा 'जात' आणि कागदावरची 'जात' यांत ज बदलतो, तरी लिहायला अक्षर एकच. र तर दुसरी-तिसरीत 'सूर्य', 'चक्र', 'ट्रक' आणि 'दऱ्या' अशी चार वेगळी रूपे घेऊन येतो. हे सगळे पहिलीच्या मुलाला समजावून सांगायचे नसते. शिक्षकाला ते ठाऊक असले म्हणजे पुरते. मग मूल अडखळले की 'लक्ष नाही' असा शेरा तो मारत नाही.

लेखनाविषयी थोडक्यात: गिरवणे कमी, आपल्या मनातले लिहिणे जास्त. पहिलीच्या मुलाने चित्र काढून त्याखाली 'मामा काल आला' असे चुकतमाकत लिहिले तर ते अक्षराच्या पानभर प्रतींपेक्षा मोलाचे आहे, हे नव्या शिक्षकालाच नव्हे तर पालकांनाही पटवावे लागते, कारण भरलेली पाटी पाहिल्याशिवाय अभ्यास झाला असे घरी कोणाला वाटत नाही.

घरची भाषा आणि गोष्ट

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, पालघरमध्ये वारली, तांड्यांवर गोरमाटी, खानदेशात अहिराणी अशा भाषा घेऊन मुले शाळेत येतात. यांतील काही मराठीच्या जवळच्या आहेत; गोंडी मात्र द्राविडी कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे तेथे मराठी ही मुलासाठी संपूर्ण परकी भाषा असते. नव्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात मुलांच्या भाषेतील रोजच्या वापराचे शब्द मुलांकडूनच विचारून वहीत उतरवावेत: पाणी, भूक, दुखतंय, ये, बस, घरी जायचंय. शिक्षक आपली भाषा चुकतमाकत बोलतो आहे हे पाहून मुले हसतात. ते हसू द्यावे. नंतर मराठी बोलताना चुकायला तीच मुले घाबरत नाहीत.

या बाबतीत महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम केले, त्यात महागड्या साहित्याऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे यांनी शिकवणे होते, आणि शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळा नेणे होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. नव्या शिक्षकाला प्लास्टिकचे शैक्षणिक साहित्य मागवण्याची घाई झाली की त्याला हे काम वाचायला द्यावे.

गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे रोज व्हायला हवे, आणि ते शिकवावे लागते. गोष्ट सांगणे आणि पुस्तक हातात धरून वाचून दाखवणे ही वेगवेगळी कामे आहेत. दुसऱ्यात मुलांना छापील अक्षरांतून गोष्ट बाहेर येते हे कळते. शिक्षकाने पुस्तक आधी घरी मोठ्याने वाचावे, कोठे थांबून 'आता काय होईल' विचारायचे ते पेन्सिलीने खूण करून ठेवावे, आणि शेवटी 'या गोष्टीवरून काय बोध घ्याल' हा प्रश्न मात्र विचारू नये. मुले त्याचे उत्तर दुसऱ्या दिवसापासून गोष्ट न ऐकताच देऊ लागतात.

पंचवीस आणि बावन्न

मोजणे काड्यांनी, चिंचोक्यांनी आणि गठ्ठ्यांनी शिकवावे, हे सर्वांना माहीत असते. दहा काड्यांना रबर लावून दशक करणे पदविकेत झालेले असते. ज्याकडे दुर्लक्ष होते ते मराठी संख्यानामांकडे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. मूल ऐकलेल्या क्रमाने ५२ लिहिते. त्याने काहीच चुकवलेले नसते, उलट कानांवर विश्वास ठेवलेला असतो. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारे मूलही असेच तर्कशुद्ध असते, कारण त्याला 'तीस' स्पष्ट ऐकू आलेले असते आणि 'एकोण' म्हणजे एक उणा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नेमकी नव्याण्णवला मोडते. 'एकशे पाच' ऐकून १००५ लिहिणे हा याच घराण्यातला प्रकार.

२०१९ मध्ये दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन देण्यात आले तेव्हा राज्यभर वाद झाला आणि थट्टाही पुष्कळ झाली. थट्टा करणाऱ्यांत पहिलीला शिकवणारे थोडेच असावेत. रूढ संख्यानामे मुलांना आलीच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण 'पंचवीस म्हणजे वीस आणि पाच' ही पायरी मधे ठेवली तर मूल दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या पाहून २५ लिहिते, आणि हा आधार काही महिन्यांत आपोआप गळून पडतो. नव्या शिक्षकाला एक ते शंभर संख्या उच्चाराप्रमाणे सुट्या करून लिहायला सांगाव्यात आणि मुलाला कोठे कोठे अडचण येईल तेथे खूण करायला सांगावी. अकरा ते एकोणीस आणि पन्नाशीनंतरची नावे यांवर सर्वाधिक खुणा येतात.

वर्गात मागे बसून पाहणे

आतापर्यंतची तयारी टेबलावरची झाली. खरी तयारी वर्गात होते. आठवड्यातून एकदा अर्धा तास नव्या शिक्षकाच्या वर्गात बसावे, आणि खुर्चीवर नव्हे तर मुलांच्या रांगेत खाली बसावे. शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त पाहावे. पाठ निरीक्षणाच्या नमुन्यात फलकलेखन, आवाज, साहित्याचा वापर असे रकाने असतात. ते नंतर भरता येतात. त्या अर्ध्या तासात आपण दोन-तीन मुले निवडावीत, एक पुढचे, एक मागचे, एक खिडकीजवळचे, आणि ती नेमके काय करतात ते लिहावे.

उदाहरण म्हणून असा पाठ घ्या. शिक्षिका फळ्यावर 'मका' लिहितात, शेजारी कणसाचे चित्र लावतात, आणि पूर्ण वर्ग तालासुरात 'म-का, मका' म्हणतो. पाठ छान झाला असे त्यांना वाटते. आपल्या शेजारची मुलगी ओठ हलवते आहे, पण तिचे डोळे फळ्यावर नाहीत. ती पुढच्या मुलाचा आवाज अर्ध्या क्षणाने पकडते आहे. पाठ संपल्यावर तिला जवळ घेऊन, चित्र हाताने झाकून, त्याच फळ्यावरच्या 'काम' शब्दावर बोट ठेवले तर ती पटकन 'मका' म्हणते. आता शिक्षिकेशी काय बोलायचे? 'सामूहिक वाचन कमी करा' असा उपदेश करण्याऐवजी त्या मुलीने काय केले एवढेच सांगावे, आणि 'उद्या तिला कसे पाहाल' असे विचारावे. बहुतेक शिक्षक स्वतःच सुचवतात: चित्राशिवाय शब्दपट्ट्या, मागून पुढे वाचन, एकेकट्याला दोन मिनिटे. त्यांना सुचलेले ते करतात; आपण सुचवलेले ते आपण वर्गात असेपर्यंत करतात.

एका भेटीत एकच मुद्दा बोलावा. सात सूचना दिल्या की शिक्षक त्यांतली सर्वांत सोपी, बहुधा तक्ता सरळ लावण्याची, अमलात आणतो. पुढच्या भेटीला त्याच मुलीकडे पाहावे. महिन्यातून एकदा आपणही त्याच वर्गावर पाठ घ्यावा आणि नव्या शिक्षकाला मागे बसून नोंदी करू द्याव्यात. ज्येष्ठाचा पाठही फसतो हे पाहून त्याचा धीर वाढतो, आणि आपल्यालाही पहिलीचा वर्ग काय असतो याचा विसर पडत नाही.

नोंदी

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून राज्यात आहे आणि त्यात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. या नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आणि मोबाइलवर फिरत असतात. त्यामुळे चाळीस मुलांपैकी तीस जण 'स्वतःहून उपक्रमात सहभागी होतो' असे निघतात. नव्या शिक्षकाला पहिल्या महिन्यातच या सवयीपासून दूर ठेवावे. रोज तीन मुलांविषयी एकेक ओळ, तारखेसह, पाहिले तेच: 'काना वाचतो, वेलांटी सोडून देतो', 'सहापर्यंत मोजते, मग आठ म्हणते'. महिन्याभरात प्रत्येक मुलाची एक-दोनदा पाळी येते, आणि ज्या मुलाविषयी लिहायला काहीच सुचत नाही, त्याच्याकडे आपले लक्षच गेलेले नाही हेही कळते.

लहान वर्गांतल्या पायाभूत वाचन-गणितासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये आणि ९९ पर्यंत संख्या, दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे आणि ९९९ पर्यंत संख्या, अशी त्यातील लक्ष्ये आहेत. ती शिक्षकाला ठाऊक असावीत, पण घड्याळ लावून वाचायला लावणे हा पाठ होऊ नये. ती वर्षातून तीन-चार वेळा करायची तपासणी आहे, आणि 'समजून' हा शब्द त्या लक्ष्यात उगाच आलेला नाही.

जोडवर्ग आणि कागद

पहिली आणि दुसरी एकत्र बसत असतील तर दोन इयत्ता असे न पाहता वाचन येणारे, अर्धवट येणारे आणि अजून न येणारे असे तीन गट करावेत आणि ते दर महिन्याला बदलावेत. एका गटाबरोबर शिक्षक, दुसरा गट जोडीने वाचन किंवा काड्यांचे काम, तिसरा चित्र आणि लेखन, असे वीस-वीस मिनिटांचे फेरे नव्या शिक्षकाला पहिले काही आठवडे लिहून द्यावेत. गोष्ट आणि गाणी सर्वांची एकत्रच.

टाचण म्हणजे पाठाची लेखी पूर्वतयारी, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज हे काम शाळेतल्या सर्वांत तरुण आणि मोबाइल चालवता येणाऱ्या माणसावर जाऊन पडते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. मुख्याध्यापकांनी पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाला सकाळचे दोन तास कोणत्याही लिंकपासून मुक्त ठेवले, तर या लेखातल्या इतर सगळ्या सूचनांइतके काम होईल. केंद्राच्या शिक्षण परिषदेत नव्या शिक्षकाने आदर्श पाठ घेण्यापेक्षा आपल्या वर्गातली एक अडचण मांडावी, उदाहरणार्थ एका मुलाची वही, आणि इतरांनी ती वही वाचून मूल काय विचार करते आहे ते सांगावे. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतले तर हे सहज जमते.

दिवाळीपर्यंत आणि त्यानंतर

पहिले सत्र संपताना पहिलीच्या बहुतेक मुलांना दोन-तीन अक्षरगटांतले शब्द वाचता यावेत, आणि उरलेल्या मुलांची नावे व त्यांच्या अडचणी शिक्षकाला न पाहता सांगता याव्यात. सुट्टीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर कुटुंबे गेली की पट गळू लागतो. जाणाऱ्या मुलाबरोबर शब्दपट्ट्या आणि दोन-तीन गोष्टींची पुस्तके द्यावीत, पालकांचा नंबर घ्यावा, आणि मूल परतल्यावर कोठून सुरुवात करायची याची ओळ नोंदवहीत आधीच लिहून ठेवावी. हंगामी वसतिगृहाची सोय गावात असेल तर नव्या शिक्षकाने ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत ती आधीच, सप्टेंबरमध्ये, विचारावी. नोव्हेंबरात विचारून उपयोग होत नाही.

एप्रिलमध्ये वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे जाणार असेल तर गुणपत्रकाबरोबर त्या रोजच्या तीन-तीन ओळींची वहीही द्यावी, आणि दोघांनी समोरासमोर बसून प्रत्येक मुलावर एक-दोन मिनिटे बोलावे. बदली पोर्टलवर नाव आले म्हणून हे राहून जाणार असेल, तर ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात हजेरीपटाशेजारी ठेवावी.